याकोबमामांचा नियम

याकोबमामा गेले आणि आमच्या मंडळीत पाप दाखवणारा माणूस उरला नाही. पाप आहे तेवढंच आहे. फक्त आता ते निवांत चालतं.

मामा रेल्वेत टीसी होते. दौंड जंक्शनवर उभी हयात लोकांची तिकिटं तपासली आणि रिटायर झाल्यावर चर्चच्या दारात उभे राहून तेच काम पुढं चालू ठेवलं. उंच, काटकुळा माणूस. पांढरा शर्ट, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली, काखेत शास्त्र, म्हणजे बायबल. तुम्ही सलाम केला की तेही सलाम करायचे आणि त्याच नजरेत तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघून घ्यायचे. पदराखाली काहीतरी चोरून आणलंय असं वाटायचं. मी शाळेत आया म्हणून नोकरी केली, पोरांच्या खिशातून कैऱ्या, चिंचा, बेडूक सगळं काढलं, पण तशी नजर मला कधी जमली नाही.

ते मंडळीचे वडील होते. म्हणजे पाळकसाहेबांच्या हाताखाली मंडळीचा कारभार बघणारे जे चार-पाच पुरुष असतात, त्यांतले एक. बाकीचे चहाला यायचे. कारभार मामा बघायचे. पाळकसाहेब दर चार-पाच वर्षांनी बदलून जात, मामा तिथंच.

त्यांचा एकच प्रश्न असे. "शास्त्रात कुठं हाय, दाखवा." नाताळचं झाड? शास्त्रात कुठं हाय. वरातीतला डीजे? शास्त्रात कुठं हाय. नव्या पाळकसाहेबांनी मुलीचा पहिला वाढदिवस केला, फुगे लावले, केक आणला. सगळ्यांनी मिळून फुंकर मारली, मेणबत्ती विझली, टाळ्या झाल्या. मामा उठून उभे राहिले.

"आपण दिवा लावणारी मान्सं. इझवून टाळ्या कसल्या वाजवताय?"

पोर दचकून रडायला लागलं. पाळकसाहेबांची बायको आत निघून गेली. पाळकसाहेब हसल्यासारखं करून म्हणाले, "मामा, केक तरी घ्या."

"केकाला मनाई न्हाई," मामा म्हणाले, आणि घेतला. पुन्हा एकदा घेतला.

मी म्हटलं, "मामा, रेल्वे तरी शास्त्रात कुठं हाय? पेन्शन तर बिनतक्रार घेताय."

"पेन्शन ही कृपा हाय, मार्थाबाई," ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मामा विनोद करत नसत. लोक हसत ते लोकांचं पाप.

गुडघ्यावर फाटलेल्या विजारी घालायची फॅशन आली तेव्हा त्यांनी चर्चच्या दारात सुईदोरा ठेवला. पोरगं आत शिरायला लागलं की म्हणायचे, "बस हितं. शिव. मग आत जा." एकदा पुण्याहून पाहुणा आलेला एक कॉलेजातला मुलगा खरंच पायरीवर बसून शिवत राहिला आणि उपासना संपली. त्याला टाका घालता येत नव्हता. मामांनी बाहेर येऊन बघितलं आणि उरलेलं स्वतः शिवून दिलं. टाका इतका बारीक की त्या पोराची विजार कामातून गेली.

हळदीवर त्यांचा फार राग. आमच्यात लग्नाला हळद लावतात, पिढ्यान्‌पिढ्या लावतात. बाप्तिस्मा घेतला म्हणून अंगाची सवय जात नाही. मामांच्या धाकानं लोक घराचं दार लावून हळद लावायचे आणि पहाटे साबणानं घासून काढायचे. पण कानामागं राहते. मामांना ते ठाऊक होतं. नवरा मुलगा दारात आला की त्याला मिठी मारल्यासारखं करून ते कानामागं बघायचे. एका लग्नात त्यांनी नवऱ्याला तसाच धरून ठेवला.

"हे पिवळं काय हाय?"

नवऱ्याची आई घाबरली. तोंडाला आलं ते बोलून गेली, "मामा, कावीळ झाली व्हती त्याला."

"कावीळ झाली असंल तर दवाखान्यात न्या. येदीपुढं कशाला आणताय?"

नवरीचा बाप मागंच उभा होता. त्यानं ऐकलं. कावीळ आहे तर आधी का सांगितलं नाही, म्हणून त्यानं तिथंच भांडण काढलं. मग नवऱ्याच्या आईला सगळ्या वऱ्हाडापुढं कबूल करावं लागलं की कावीळ नाही, हळदच आहे. मामा बाजूला झाले. "खरं बोलायला इतका येळ," म्हणाले. लग्न लागलं. जेवणात वरण पिवळंधमक होतं, त्याला कुणी हरकत घेतली नाही.

टीव्हीच्या मालिका बघू नयेत असं त्यांनी महिला मंडळाला बजावलं होतं. कशानं घर बिघडतं हे सांगण्यासाठी ते सगळ्या मालिका स्वतः बघत. कुठल्या बाईनं कुठल्या सासूच्या दुधात काय कालवलं हे आम्हाला त्यांच्याकडून कळायचं. मोबाइलचंही तसंच. मोबाइल म्हणजे घरात शिरलेला साप, असा निरोप ते रोज पहाटे मोबाइलवर सगळ्यांना पाठवत.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. पण मामांचा एक नियम होता त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि तो माझ्यापासून सुरू झाला.

माझं सासर शिरूरचं. नवरा पिऊन मारायचा, आणि मग दुसरी बाई घरात आणून बसवली. मी उठले, पिशवी घेतली आणि दौंडला भावाकडं आले. यात सांगण्यासारखं एवढंच आहे. दौंडच्या मंडळीत माझं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा मामा नुकतेच कमिटीत वडील झाले होते. त्यांनी नियम मांडला. नवऱ्यापासून निघून आलेल्या बाईनं शेवटच्या बाकावर बसायचं आणि तिला प्रभुभोजन द्यायचं नाही.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, प्रभूच्या नावानं. वडील मंडळी ताट घेऊन बाकाबाकानं फिरतात. ते ज्याला मिळत नाही तो मंडळीत असून नसल्यासारखा.

"लग्न वर ठरतं, मार्थाबाई," मामा मला म्हणाले होते. "ते खाली मोडता येत न्हाई. माघारी जावा, ताट तुमच्याम्होरं येईल."

"आन् त्याला काय नियम? तो शिरूरच्या मंडळीत पयल्या बाकावर बसतोय. दुसरीला घेऊन बसतोय."

"शिरूरची मंडळी आपल्या हातात न्हाई."

मी माघारी गेले नाही. चर्चही सोडलं नाही. देव माझा होता, कमिटी त्यांची होती. शेवटच्या बाकावर बसायला लागले. तिथं पंख्याचा वारा येत नाही आणि चपलांचा वास येतो. बाकी काही त्रास नाही. मामा दर महिन्याला ताट घेऊन यायचे, माझ्या पुढच्या बाकापर्यंत द्यायचे आणि वळायचे. मध्येमध्ये अजून कुणी बाई माझ्या शेजारी यायची. काही दिवस रडायची, मग एक तर नवऱ्याकडं परत जायची, नाहीतर चर्च सोडून जायची. मी होते तिथं होते. तीस वर्षांच्या वर झाली. भाऊ गेला, मी पेन्शनीत निघाले, मामांचं आणि माझं घर एका भिंतीला लागून आलं. मामींनी केलेलं कालवण वाटीतून माझ्याकडं यायचं, माझ्या भाकरी त्यांच्याकडं जायच्या. भिंतीवरून सगळं चालायचं. फक्त ते ताट एक बाक मागं यायचं नाही.

मामांना एकच मुलगी, रिबेका. लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी करायची. हुशार, हसरी. तिला शिरूरचं स्थळ आलं. जोएल नाव. रांजणगावच्या एमआयडीसीत सुपरवायझर, चर्चमध्ये गिटार वाजवून गाणी म्हणायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा तर ऐकणारे रडायचे. हळद लावणार नाही, हुंडा घेणार नाही, डीजे नाही. मामांनी कानामागं बघितलं, स्वच्छ होतं. "असा पोरगा दिव्यानं हुडकून मिळायचा न्हाई," मला म्हणाले.

वर्षाच्या आत रिबेका एका सकाळी दारात उभी. पूर्ण बाह्यांचा ड्रेस. मामी तिला आत घेऊन गेल्या. भिंत एकच, मला सगळं ऐकू आलं. पोरीनं बाही वर केली असावी, कारण मामींचा "अगं आई" एवढाच आवाज आला. मग मामांचा आवाज. ते शास्त्र वाचत होते. मोठ्यानं, एका लयीत, बराच वेळ. संध्याकाळच्या एसटीनं तिला माघारी धाडली. जाताना ती माझ्या दारावरून गेली. मी म्हटलं, "माझ्याकडं ऱ्हा." ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

दुसऱ्यांदा आली तेव्हाही तसंच. मी मामांना अंगणात गाठलं.

"मामा, पोरीला मारतोय तो."

"संसारात भांड्याला भांडं लागतं."

"भांड्याला पोचा पडलाय, बघितला का?"

"प्रार्थना करतोय आम्ही," ते म्हणाले आणि झाडाला पाणी घालायला लागले. झाडाला सकाळीच पाणी घातलेलं होतं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. या वेळी मामा म्हणाले, मीच नेऊन सोडतो, चार शब्द सांगून येतो. सकाळी दोघं गेले. रात्रीच्या जेवणाच्या आत दोघं परत आले. मामींनी दार उघडलं आणि काही न विचारता पोरीचं ताट वाढलं. मामा माझ्या पायरीवर येऊन बसले. ते माझ्या पायरीवर कधी बसत नसत.

"काय झालं?"

"जेवायला बसलो. जावयानं प्रार्थना केली. लय मोठी. माझं नाव घेतलं, हिचं नाव घेतलं, क्षमा मागितली, रडला. मी डोळं उघडलं. प्रार्थनेत मी कवा डोळं उघडत न्हाई. आज उघडलं."

"मग?"

"तो बी डोळं उघडून माझ्याकडंच बघत व्हता. मला पटतंय का न्हाई ते बघत व्हता." मग म्हणाले, "गाडीत ज्याच्याकडं तिकीट नसतं ना, तो टीसीला लांबनं सलाम घालतो. मार्थाबाई, तसलं तोंड म्यां जन्मभर बघितलंय. आन् वळखाय मला तीन फेऱ्या लागल्या."

मी तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

आता खरी पंचाईत कमिटीची झाली. नियमाप्रमाणं रिबेका शेवटच्या बाकावर. पण ती मामांची मुलगी. पाळकसाहेब आणि बाकीचे वडील मामांच्या घरी जमले. मी भिंतीपलीकडं भाजी निवडत होते. असं ठरत होतं की रिबेका नवऱ्याला सोडून आली असं म्हणायचंच नाही. आईची तब्येत बरी नसते, आईच्या सेवेला आली आहे, असं म्हणायचं. सेवा कितीही दिवस चालू शकते.

तेवढ्यात मामी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ठणठणीत बाई. म्हणाल्या, "मला काय झालंय?"

मामा म्हणाले, "काय झालं न्हाई. नियम म्हंजी नियम. रिबेका माघं बसंल."

रविवारी रिबेका माझ्या शेजारी येऊन बसली. पहिला रविवार होता. मामा ताट घेऊन निघाले. बाकामागून बाक करत आमच्या पुढच्या बाकापर्यंत आले. शेवटच्या माणसानं तुकडा उचलला. मामांनी वळायचं होतं. ते वळले नाहीत. ताट धरून तिथंच उभे राहिले. गाणं संपलं, दुसरं सुरू करावं की नाही हे पेटीवाल्याला कळेना. मग मामा वळून सरळ पुढं गेले, ताट पाळकसाहेबांच्या हातात दिलं, आणि परत येऊन आमच्या बाकावर बसले. मध्ये नाही, कडेला, चपलांच्या बाजूला.

पाळकसाहेबांनी दुसऱ्या एका वडिलांना ताट देऊन मागं धाडलं. ते बिचारे मामांपुढं ताट धरून वाकले.

"हितं देत न्हाईत," मामा म्हणाले.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. चर्चच्या दारात उभं राहायला कुणी नाही. पोरं फाटक्या गुडघ्यांनी आत जायला लागली. मामांशिवाय वर्गणीचं ठरेना, दानपेटीच्या किल्ल्या सापडेनात. मला राग यायचा. एक दिवस मी म्हटलं, "नियम तुमचा. चुकीचा हाय म्हणा आन् मोडून टाका. असं सोंग करून काय बसताय?"

"नियम चुकीचा हाय असं मी म्हणत न्हाई."

"मग उठा हितनं."

"उठत न्हाई."

"मग तुमचं म्हणणं तरी काय हाय?"

"नियम आखूड हाय," म्हणाले.

आणि पुढच्या बैठकीत त्यांनी तो लांब केला. या वेळी बैठक चर्चच्या व्हरांड्यात होती, मी झाडलोट करायला गेले होते. मामांनी उभं राहून सांगितलं की नियमाला फक्त एक वाक्य जोडायचं आहे. बायकोवर हात टाकणाऱ्या पुरुषानंही शेवटच्या बाकावर बसावं आणि त्यालाही प्रभुभोजन देऊ नये.

एक वडील छताकडं बघायला लागले. एकाला फोन आला, वाजला नव्हता तरी. पाळकसाहेब म्हणाले, "मामा, हे कसं कळणार? घरातली गोष्ट आहे."

"बायकांना इचारू. महिला मंडळ हायच की."

एक वडील चाचरत म्हणाले, "एवढी मान्सं बसायची कुठं? बाक एकच हाय."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनाच कळलं आपण काय बोललो. मी केरसुणी थांबवली नाही, पण हसू आवरलं नाही.

त्याच बैठकीत कमिटीनं तो सगळा नियमच काढून टाकला. आताच्या काळात माणसांचा न्याय करणं बरं नाही, प्रेम मोठं आहे, असं पाळकसाहेब फार छान बोलले. ज्या नियमाला तीस वर्षांत कुणी बोट लावलं नाही, तो कपातला चहा निवायच्या आत गेला. बायकांपुरता होता तोवर तो शास्त्रातला होता.

मला ताट आलं. मामांनीच आणलं. मी तुकडा घेतला. काय वाटलं असं पाळकसाहेबांच्या बायकोनं नंतर विचारलं. भाकरी शिळी होती, खरं तेच सांगितलं.

पण नियम चुकीचा होता हे मामांच्या तोंडून आलं नव्हतं. आणि मला वाटलं होतं आता येणारही नाही.

रिबेकानं पोलिसात तक्रार दिली. मारहाण शिरूरला झाली म्हणून केस शिरूरच्या कोर्टात. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये असं मामांनी आयुष्यभर सांगितलेलं. रिबेकाला मात्र त्यांनी अडवलं नाही. तारखा पडत गेल्या. रिबेकाची साक्ष झाली. तिनं सांगितलं, पहिल्यांदा मारलं तेव्हाच मी वडिलांना सांगितलं होतं, वळ दाखवले होते. जोएलच्या वकिलानं ते धरून ठेवलं. मग मामांच्या साक्षीची तारीख आली. मी सोबत गेले. शिरूर सोडल्यापासून मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं, ते तेवढ्यासाठी ठेवलं.

कोर्टाच्या आवारात शिरूरच्या मंडळीतले लोक जोएलच्या बाजूनं आले होते. आमचे पाळकसाहेबही आले होते, कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही. सगळ्यांनी मामांना सलाम केला. एवढा मान कुणाला नसेल. तोच मान वकिलाला हवा होता.

आधी शपथेवरच अडलं. कारकून म्हणाला, "म्हणा, देवाशपथ खरं सांगेन."

"शपथ घेत न्हाई. शास्त्रात मनाई हाय."

कारकून वैतागला. न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, "असू द्या. आजोबा, खरं बोलेन असं नुसतं कबूल करा."

"कबूल. शपथ घेऊन मान्सं खोटं बोलतात, म्हणून म्हटलं."

मागं कुणी हसलं. मग जोएलचा वकील उठला. फार गोड बोलला.

"मामा, तुम्ही मंडळीचे वडील. नियमानं चालणारे. खोटं तुम्हाला खपत नाही. बरोबर?"

"व्हय."

"पोटच्या मुलीला मार बसतोय हे ठाऊक असतं, तर तुमच्यासारख्या माणसानं तिला परत नांदायला धाडलं असतं का?"

मी चौथी शिकलेली बाई, पण तो सापळा मलाही दिसला. मामा 'नाही' म्हणाले, तर बाप सज्जन आणि पोरगी खोटारडी. 'होय' म्हणाले, तर पोरगी खरी, आणि दोन्ही तालुक्यांत मानलेला हा माणूस, पोरीला मार खायला नेऊन देणारा. रिबेका समोरच्या बाकावर होती. तिनं चांगला कान बापाकडं केला होता.

मामा गळ्याजवळचं बटण चाचपत राहिले. वकील मदतीला आला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणूनच धाडली ना?"

"ठाऊक व्हतं."

"काय?"

"ठाऊक व्हतं. पयल्या खेपंलाच तिनं बाही वर केली. मी शास्त्र काढून वाचाय बसलो. हाताकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर धाडता आली नसती. म्हणून बघितलं न्हाई."

टाइप करणारी बाई म्हणाली, "जरा मोठ्यानं सांगा, नीट ऐकू आलं नाही."

मामांनी सगळं पुन्हा सांगितलं. चर्चमध्ये शास्त्र वाचायच्या आवाजात, एक शब्द न गाळता. बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेलं असेल. शिरूरची मंडळी आपापल्या पायांकडं बघायला लागली.

"म्हणजे तुम्ही स्वतः..." वकील म्हणाला.

"व्हय. मारणारा तो आन् नेऊन देणारा मी. ल्ह्या. माझा नियम चुकीचा व्हता, ते बी ल्ह्या."

"कसला नियम?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"बाईनं माघारी जायाचा."

"आजोबा, ते या केसमध्ये येत नाही."

"न्हाई आलं तरी ल्ह्या."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मी ऐकलं. तेवढं मला पुरे आहे.

केसचा निकाल अजून लागायचा आहे. कोर्ट म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण रिबेकाला नांदायला जा म्हणणारं तोंड त्या दिवसानंतर दौंडला उरलं नाही आणि शिरूरलाही नाही. ती लॅबमध्ये जाते, स्कूटर घेतली आहे, मामींना मागं बसवून फिरवते. मामा पुढच्या थंडीत झोपेत गेले. मयताला गर्दी होती. पाळकसाहेब बोलले की मामा प्रेमाचा झरा होते. मामा ऐकत असते तर म्हणाले असते, शास्त्रात कुठं हाय.

मला मामा आठवतात ते कोर्टातून बाहेर पडल्यावरचे. ऊन मी म्हणत होतं. सकाळी सलाम घालणारी मंडळी आता दुसऱ्या दारानं निघून गेली होती. पाळकसाहेबांना एकाएकी पुण्याला काम निघालं. आम्ही तिघं स्टँडकडं चालत निघालो. रस्त्यात एक रसवंती लागली. रिबेका म्हणाली, "पप्पा, बसा. रस पिऊ."

मामा बसले. चेहरा पांढराफटक. वाटलं, हा माणूस आता इथून उठत नाही. मग त्यांची नजर वर गेली. रसाच्या चरकावर लिंबू-मिरची लटकवली होती.

"हे काय बांधलंय?"

रसवाला म्हणाला, "नजर लागू नये म्हणून, आबा."

"उसाला कुणाची नजर लागती?"

"उसाला न्हाई, धंद्याला."

"धंदा देवाच्या हातात असतो. काढून टाका ते."

"आबा, तुम्हाला रस प्यायचाय का माझं दुकान सुधरवायचंय?"

"दोन्ही."

रिबेका हसायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. आधी तोंडावर हात घेऊन, मग हात काढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पप्पा, तो बांधणारच," म्हणाली. "तुम्ही प्या."

मामांनी तिच्याकडं बघितलं. मग लिंबू-मिरचीकडं बघितलं. मग ते उठले, स्टूल उचलून फिरवलं, चरकाकडं पाठ करून बसले, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत रस प्यायले.